तार तुटल्यावरचा नियम

घरचे इंटरनेट चार-पाच दिवस बंद पडणे हा कामगार चळवळीच्या मुखपत्रात अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना पडेल. महागाई भत्ता, रिक्त जागा, कंत्राटीकरण, पेन्शन असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना ही चैनीची बाब कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू नसली तर रजेचा अर्ज जात नाही, पास निघत नाही, मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरला जात नाही आणि खात्यात पैसे असूनही वाण्याकडून किलोभर तांदूळ आणता येत नाही, ती वस्तू आता चैनीची उरलेली नाही. ती पाणी आणि वीज यांच्या पंगतीला येऊन बसली आहे. क्वार्टर्समधील पाण्यासाठी आणि विजेसाठी आपली संघटना आजवर भांडत आली. या तिसऱ्या गोष्टीसाठीही भांडावे लागणार आहे, आणि ते कशासाठी व कसे, हे आज आम्हाला मांडायचे आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही राहतो त्या रेल्वे वसाहतीत पाच दिवस इंटरनेट बंद होते. कारण अगदी साधे. वसाहतीबाहेरच्या रस्त्यावर गटाराचे काम निघाले, खोदाईच्या यंत्राचा दात जमिनीखालच्या केबलला लागला आणि बोटाएवढ्या जाडीची ती काळी दोरी तुटली. घराघरांतल्या डब्यांवर लाल दिवा लागला. पहिल्या तासात कोणाला विशेष वाटले नाही. ‘मोबाईल आहे ना’ असे सर्वजण म्हणाले. पण मोबाईलही निकामी झाला होता. मोबाईलचा मनोरा उंच हवेत उभा असला तरी त्याचा जीव जमिनीखालच्या तारेत असतो. आपल्या हातातील फोनपासून मनोऱ्यापर्यंतचे अंतर बिनतारी, तेथून पुढे बऱ्याच ठिकाणी तीच काचेची तार. आमच्या भागातील मनोऱ्याची तारही त्याच खड्ड्यात तुटली होती. दूरच्या मनोऱ्याचा क्षीण सिग्नल गच्चीवर गेल्यास मिळे. त्यावर दोन वाक्ये बोलता येत, त्याहून अधिक काही होत नसे.

त्या पाच दिवसांत काय काय अडले, याची यादी आम्ही मुद्दाम करून ठेवली. एका ट्रॅकमेन्टेनर बंधूच्या घरी गावाकडे मृत्यू झाला. पास काढण्यासाठी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, तो आला नाही. हक्काचा पास असताना गडी पदरचे पैसे मोजून जनरलच्या डब्यात उभा राहून गेला. एका पॉइंट्समनच्या मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पिशवीत घालून बापलेक चार किलोमीटरवरच्या सायबर कॅफेत गेले आणि अर्धा दिवस रांगेत उभे राहिले. एका निवृत्त गार्डसाहेबांच्या पत्नीला दवाखान्यात नंबर लावायचा होता, तो मोबाईलवरून लावायची सवय झालेली. वसाहतीच्या नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने पहिले दोन दिवस रोख रकमेचा आग्रह धरला. तिसऱ्या दिवशी त्याने उधारीची जुनी वही फडताळातून काढली आणि म्हणाला, “रेल्वेवाले कुठे पळून जाणार आहेत?” ज्यांचे नाव त्या वहीत लागले, त्यांच्या घरी चूल पेटली.

या यादीत एक गोष्ट नोंद करण्यासारखी आहे. पाच दिवसांत ज्या सेवा बंद पडल्या नाहीत, त्या सर्व पायी चालणाऱ्या माणसांच्या होत्या. एरवी रनिंग स्टाफला ड्युटीचा निरोप फोनवर येतो. तो पोचेना, तेव्हा लॉबीतून माणूस मोटारसायकलवर पाठवण्यात आला. जुन्या मंडळींना कॉलमन आठवत असेल. हातात कंदील आणि बगलेत कॉल-बुक घेऊन रात्री-अपरात्री ड्रायव्हरच्या दारावर थाप मारणारा, सही घेऊन पुढच्या दाराकडे जाणारा. त्याच्याच पद्धतीने पाच दिवस गाड्यांना माणसे मिळाली. दुसरे आमचे पोस्टमन बंधू. पावसात भिजत त्यांनी रोजची टपाल रोज वाटली, आणि कितीतरी घरांत बाहेरगावची पहिली बातमी त्यांच्याच हातून आली.

काही वयस्कर सहकारी म्हणाले, बरे झाले, पोरे घराबाहेर पडली, संध्याकाळी माणसे ओट्यावर बसून बोलू लागली. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ओट्यावरच्या गप्पा ज्यांना गोड वाटल्या, त्यांच्या घरात त्या आठवड्यात कोणाचा अर्ज अडलेला नव्हता आणि कोणी सरणावर नव्हते. सोयीची वस्तू बंद पडली तर विरंगुळा म्हणता येतो. गरजेची वस्तू बंद पडली तर तिचा पहिला फटका ज्याच्याकडे दुसरी सोय नाही त्याला बसतो. साहेबांच्या बंगल्यात दोन कंपन्यांच्या दोन लाईनी असतात. टाईप वनच्या क्वार्टरमध्ये एकच मोबाईल आणि तोही तिघांत मिळून.

ही गरज कशी निर्माण झाली, तेही पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या लाईनवरून किरकिर आवाज करीत यायचे आणि त्याचे भाडे आपल्यासारख्यांना परवडणारे नव्हते. त्या काळी आपल्या घरी तातडीचा निरोप तारेने यायचा. ‘वडील गंभीर, ताबडतोब निघा’ एवढे तीन-चार शब्द रजा मंजूर व्हायला पुरत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा कायमची बंद झाली. २००२ साली रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढण्याची सोय झाली. मग पगारपत्रक मोबाईलवर आले, २०२० साली पास आणि पीटीओ संगणकावर गेले, त्याच वर्षी टाळेबंदीत मुलांची शाळाही घरच्या इंटरनेटवर भरू लागली. यातील एकेक पाऊल सोयीचे होते आणि आपण त्याचे स्वागत केले. १९८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले तेव्हा बुकिंग क्लार्क बंधूंच्या मनात धास्ती होती. आज त्या जाड रजिस्टरांकडे परत जावे असे कोणीही म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. आमचा आक्षेप निराळ्या गोष्टीला आहे. नवी वाट उघडली की जुनी वाट बुजवून टाकायची, पास लिहिणाऱ्या क्लार्कची जागा रद्द करायची, छापील फॉर्म संपले म्हणून सांगायचे, आणि नवी वाट एका केबलवर टांगून ठेवायची, हा कारभार आम्हाला मान्य नाही.

येथे आपल्या रेल्वेचेच एक उदाहरण द्यावेसे वाटते. तार तुटू शकते ही गोष्ट रेल्वेला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून जनरल ॲण्ड सबसिडिअरी रूल्समध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम लिहून ठेवला आहे. दोन स्टेशनांमध्ये ब्लॉक उपकरण चालत नसेल तर त्याला जोडलेला टेलिफोन वापरा, तोही बंद असेल तर स्टेशन ते स्टेशन टेलिफोन, तो नसेल तर कंट्रोलचा फोन, तो नसेल तर व्हीएचएफ सेट. आणि हे सगळेच बंद पडले, म्हणजे संपर्क पूर्णपणे तुटला, तरी स्टेशन मास्तरने हात जोडून बसायचे नाही. दुहेरी मार्गावर तो ड्रायव्हरला टी/सी ६०२ हा लेखी अधिकारपत्र देतो. दोन गाड्यांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर ठेवतो. समोरचे स्पष्ट दिसत असेल तर ताशी २५ किलोमीटर आणि दिसत नसेल तर १० किलोमीटर, या वेगाने गाडी पुढे जाते. एकेरी मार्गावर आधी सुटे इंजिन किंवा तसे वाहन सावकाश पुढे पाठवून पलीकडच्या स्टेशनशी संपर्क साधला जातो, आणि मग वाहतूक सुरू होते. प्रत्येक स्टेशन मास्तराला आणि ड्रायव्हरला हा नियम तोंडपाठ असावा लागतो. न आल्यास त्याला ड्युटीवर ठेवत नाहीत.

या नियमामागचा विचार किती शहाणपणाचा आहे पाहा. तार तुटणार नाही असे तो गृहीत धरत नाही. तार तुटली तर दोष कोणाचा, याची चर्चाही तेथे नाही. तुटल्यावर कोणी, कोणता कागद घेऊन, किती वेगाने काय करायचे, एवढेच तो सांगतो. गाडी सावकाश जाते, पण जाते, आणि सुखरूप पोचते.

जी रेल्वे गाडीसाठी एवढा विचार करते, तिने गाडी चालवणाऱ्या माणसाच्या पाससाठी, रजेसाठी, औषधासाठी असा एक परिच्छेद तरी लिहावा, अशी अपेक्षा करणे गैर आहे काय? आज सर्व्हर बंद असल्यास कामगाराला उत्तर मिळते, ‘उद्या या’. हा उद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. मयताला जाणाऱ्याने उद्या यायचे, ऑपरेशनची तारीख असणाऱ्याने उद्या यायचे, आणि उद्या आल्यावर ‘कालची मुदत संपली’ असे ऐकायचे.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींची कहाणी याहून बिकट आहे, कारण तेथे लाईन बंद पडली की समोर ग्राहक उभा असतो. देशातील दहापैकी नऊ टपाल कार्यालये खेड्यांत आहेत. त्यांपैकी बहुतेक शाखा डाकघरे ग्रामीण डाकसेवक चालवतात. दर्पण योजनेत त्यांच्या हाती यंत्र आले, १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँकेचे कामही आले. यंत्र चांगले आहे, पण ते नेटवर्कवर चालते, आणि नेटवर्क टेकडीच्या कोणत्या बाजूला मिळते हे त्या डाकसेवकालाच माहीत असते. मेळघाट असो, गडचिरोली असो की मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातील खेडी असोत, सिग्नलसाठी उंचवटा शोधत फिरणारा ब्रँच पोस्टमास्तर हे तेथील रोजचे दृश्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने देशभर नवी संगणक प्रणाली आणली. ती बसवण्यासाठी व्यवहार ठरवून बंद ठेवावे लागले, आणि सुरुवातीच्या दिवसांत प्रणाली अडखळली तेव्हा खिडकीवरच्या क्लार्कने शिव्या खाल्ल्या. प्रणाली कोणी आखली, सर्व्हर कोठे आहे, याची त्या क्लार्कला माहितीही नसते. मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आजीला मात्र समोर तोच दिसतो. तिच्या दृष्टीने सरकार म्हणजे तोच.

याच खात्यात एक चांगले उदाहरणही आहे आणि ते आवर्जून सांगितले पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून तो अंगठा लावून संगणकावर देण्याची सोय झाली. पण म्हणून बँकेत जाऊन कागदावर सही करण्याची जुनी रीत रद्द झाली नाही. ज्याला चालवत नाही त्याच्या घरी पोस्टमन यंत्र घेऊन जातो. म्हणजे तीन वाटा झाल्या. एक बंद पडली तरी म्हाताऱ्याची पेन्शन थांबत नाही. जे पेन्शनीत जमले ते पासात आणि रजेत का जमू नये, एवढाच आमचा सवाल आहे.

तार दरवेळी कुदळीनेच तुटते असे नाही. कधी ती हुकमाने तोडली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. ते पूर्वीच्या वेगाने परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, म्हणजे १८ महिने गेले. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये ते महिनोन्महिने बंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत गैरप्रकार होऊ नयेत म्हणून कित्येक जिल्ह्यांचे मोबाईल इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा प्रत्येक ठिकाणी रेल्वेचा आणि टपालाचा कर्मचारी ड्युटीवर असतोच. त्याला घरी परतण्याचा हुकूम नसतो, पण त्याचा घराशी संबंध मात्र तुटतो. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटद्वारे मत मांडण्याला आणि व्यवसाय करण्याला राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण आहे, अनिश्चित काळासाठी ते बंद ठेवता येणार नाही, आणि बंदीचे हुकूम जाहीर केले पाहिजेत. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटचा संबंध शिक्षणाच्या हक्काशी जोडला होता. केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे धोरण ठेवले. न्यायालय हक्काची भाषा बोलू लागले आहे. आता मालकाने, मग तो सरकारच का असेना, कर्तव्याची भाषा शिकली पाहिजे.

ग्राहक म्हणून आपल्याला काही हक्क आहेत, तेही माहीत असू द्यावेत. ट्राय या नियामक प्राधिकरणाने २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. घरच्या लाईनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यावी, अशी त्यांत तरतूद आहे. म्हणून लाईन बंद पडल्यावर शेजाऱ्याने तक्रार केली असेल म्हणून गप्प बसू नये. प्रत्येकाने तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. वसाहतीतून एक तक्रार गेली तर ती तक्रार राहते, शंभर गेल्या तर तिचे निवेदन होते, हे कामगाराला सांगायला नको. पण हेही लक्षात असू द्या की भरपाई भाड्याच्या हिशेबाने मिळते. हुकलेल्या प्रवेशाची किंवा न मिळालेल्या पासाची किंमत त्यात धरलेली नसते. म्हणूनच ग्राहकाच्या हक्कावर थांबून चालणार नाही.

आणखी एका माणसाकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. पाचव्या दिवशी आमच्या वसाहतीबाहेरच्या खड्ड्यात दोन तरुण मुले उतरली. गुडघाभर चिखल, वर प्लॅस्टिकचा कागद ताणलेला. केसाएवढे काचेचे तंतू एकेक करून सोलायचे, पुसायचे, यंत्रात धरून वितळवून जोडायचे. कणभर धूळ किंवा पाण्याचा थेंब मध्ये आला की पुन्हा पहिल्यापासून. चार तास त्यांनी मान वर केली नाही. लोक मात्र खड्ड्याभोवती उभे राहून त्यांनाच पाच दिवसांचा जाब विचारत होते. आम्ही चौकशी केली. मुले कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडची. नेमणुकीचे पत्र नाही, विम्याचा पत्ता नाही, पायात स्वतःच्या चपला. खोदाई करणाऱ्यांनी खाली काय आहे ते विचारले नाही, कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, आणि शिक्षा या दोघांना.

अशी खोदाई हे काही एका गावाचे दुखणे नाही. बेबंद खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच सांगितले आहे, आणि खोदण्यापूर्वी केबलवाल्यांना कळवता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये त्यासाठी मोबाईलवर सोयही करून दिली आहे. सोय असूनही वापरायची नाही, कारण न विचारता खोदणे स्वस्त पडते. दुसरीकडे जुना लाईनमन नाहीसा झाला. जानेवारी २०२० च्या अखेरीस बीएसएनएलमधील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी, म्हणजे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ, स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली एकाच वेळी बाहेर पडले. कोणत्या खांबाखाली कोणता जोड आहे, हे ज्यांना डोळे मिटून सांगता येत होते, ती माणसे घरी गेली. १९०८ साली या देशातील तारखात्याच्या कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा इंग्रज सरकारला आणि व्यापाऱ्यांना कळले की तारेतून जाणारा संदेश माणसाच्या बोटांनी जातो. आजही तो माणसाच्याच बोटांनी जातो. फरक एवढाच की त्या बोटांना आज ना नाव आहे ना संघटना.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्या पीएनएमच्या विषयपत्रिकेवर तसेच टपाल विभागाच्या वाटाघाटींत मांडाव्यात, असे आम्ही सर्व शाखांना आवाहन करतो.

पहिली मागणी, पास, पीटीओ, रजा, वैद्यकीय सेवा आणि पगारविषयक प्रत्येक ऑनलाईन कामासाठी ‘संपर्क तुटल्यास काय करावे’ याचा लेखी नियम करावा. कोणाकडे जायचे, कोणता छापील फॉर्म भरायचा, कोणाची सही चालेल, हे त्यात असावे. तो फॉर्म प्रत्येक डेपोत, स्टेशनावर आणि लॉबीत उपलब्ध असावा आणि संपर्क आल्यावर संगणकात नोंद करण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी.

दुसरी, सर्व्हर किंवा लाईन बंद असल्याच्या काळात संपलेली कोणतीही मुदत कर्मचाऱ्याच्या विरुद्ध धरू नये.

तिसरी, नेटवर्कअभावी व्यवहार न झाल्यास डाकसेवकाला किंवा खिडकीवरच्या क्लार्कला जबाबदार धरू नये, त्याच्या उद्दिष्टातून ते दिवस वगळावेत, आणि सरकारी कामासाठी त्याला स्वतःच्या खिशातून मोबाईल व डेटा वापरायला लावू नये.

चौथी, रेल्वे वसाहतींमध्ये इंटरनेट ही पाणी-विजेसारखी नागरी सुविधा मानावी. रेलटेलची ६० हजार किलोमीटरहून अधिक लांबीची फायबर तार आपल्याच रुळांच्या कडेने गेली आहे. आपले गँगमन बंधू तिच्यावर रात्रंदिवस नजर ठेवतात. त्या तारेची जोडणी त्यांच्या क्वार्टरला सवलतीच्या दरात आणि दोन वेगवेगळ्या मार्गांनी मिळावी, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालेल.

पाचवी, संगणकीकरणाच्या नावाखाली पास क्लार्क, कॉलमन, सिग्नल व दूरसंचार विभागाचे मेन्टेनर आणि पोस्टमन यांच्या जागा रद्द करणे थांबवावे. तार तुटल्यावर जो नियम चालवायचा, तो चालवायला माणूस हवा.

सहावी, केबल दुरुस्तीच्या कंत्राटी कामगारांना नेमणूकपत्र, विमा, सुरक्षेची साधने आणि किमान वेतन मिळावे. हे आपले खाते नाही म्हणून मान फिरवणे कामगार चळवळीला शोभणारे नाही.

शाखांनी आपल्या पातळीवरही काही गोष्टी कराव्यात. व्हॉट्सॲपचा ग्रुप जरूर चालू ठेवावा, पण प्रत्येक शाखा कार्यालयाबाहेर फलक आणि खडू असावा आणि सभेची नोटीस त्यावरही लागावी. सभासदांची यादी आणि पदाधिकाऱ्यांचे टेलिफोन कागदावर लिहून ठेवावेत. वसाहतीच्या प्रत्येक लाईनीत निरोप पोचवणारा एक कार्यकर्ता नेमावा. आमच्या वसाहतीत त्या आठवड्यात शाखेची सभा होती. फलकावर खडूने नोटीस लिहिली, चार पोरे सायकलवरून दारोदार गेली आणि सभा वेळेवर पार पडली. जी संघटना दारावर थाप मारू शकते, तिचा आवाज कोणत्याही हुकमाने बंद करता येत नाही.

इटारसी असो, सिकंदराबाद असो, वडोदरा असो की भुसावळ, जेथे जेथे हे पान वाचले जाईल तेथील बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्या वसाहतीत, आपल्या टपाल कार्यालयात लाईन बंद पडली तर तारीख, वेळ, अडलेले काम आणि झालेले नुकसान यांची नोंद ठेवा आणि ती शाखा सचिवाकडे द्या. प्रशासनासमोर बसताना तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा अशी पंचवीस नोंदींची वही अधिक बोलते. रेल्वेने गाडीसाठी जो नियम लिहिला, तो माणसासाठीही लिहून घेणे आपल्या हातात आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!